तक्रार: नव्या अल्टो सॅक्सोफोनचा खर्ज लागत नाही, आणि दोष माझ्या वयाचा नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आज दुपारी सव्वाबाराला आपल्या ग्राहक सेवेशी माझं बोलणं झालं, सातव्यांदा. फोन ठेवला आणि लिहायला बसलो. यापुढं फोन करणार नाही.

आपला अल्टो सॅक्सोफोन मी दसऱ्याला घेतला. ५८ हजार रुपये, एकरकमी. वॉरंटी एक वर्षाची. पहिल्या दिवसापासून त्याचे खालचे सूर लागत नाहीत. डीपर्यंत ठीक. सी घुरघुरतो. सी शार्प, बी, बी फ्लॅट धरले की सूर वरच्या सप्तकात उडी मारतो. जोरानं फुंका, हळू फुंका, तेच.

आपण वाद्य बनवता, त्यामुळं याचा अर्थ मी सांगायला नको. बी फ्लॅटला नळीची सगळी भोकं बंद लागतात. वर कुठं केसभर फट राहिली तरी ती सूर वरच्या सप्तकात नेणाऱ्या ऑक्टेव्हच्या किल्लीसारखं काम करते आणि सूर फाटतो. हे आमच्या बँडमधल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. आपल्या सात माणसांपैकी एकालाही नव्हतं. प्रत्येकानं एकच सांगितलं, 'सर, रीड बदलून बघा.'

रीड, म्हणजे माउथपीसवरची थरथरणारी पट्टी, बदलल्या. दोन नंबर, अडीच, तीन. पेटीतून काढताना किल्ल्यांखाली अडकवलेले कॉर्क काढले होते का, असंही विचारलं, काढले होते. मग वडिलांच्या जुन्या सॅक्सचा माउथपीस आपल्या सॅक्सला लावला, तरी खर्ज लागेना. आपला माउथपीस, तीच रीड, जुन्या सॅक्सला लावली, तर बी फ्लॅट असा भरून आला की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला. फुंकणारा तोच, रीड तीच, माउथपीस तोच. मग उरलं काय? आपली नळी.

तरी खात्री करून घेतली. रात्री खोलीतला दिवा बंद केला आणि गणपतीच्या मखराची एलईडीची माळ बेलमधून, म्हणजे सॅक्सच्या रुंद तोंडातून, आत सोडली. बी फ्लॅटची बोटं धरली. खालच्या सीचं भोक झाकणाऱ्या पॅडखाली, त्याच्या गार्डच्या बाजूला, चतुर्थीच्या चंद्रकोरीएवढी उजेडाची रेघ दिसली. आणि डाव्या करंगळीनं बीची किल्ली दाबली की जी-शार्पचं पॅड उचललं जाऊन तिथूनही उजेड येतो. डी धरून नुसती जी-शार्पची किल्ली दाबा. सूर हलायला नको. आपल्या सॅक्सवर तो कचकन फाटतो. जी-शार्पला दाबून धरणाऱ्या एफ-शार्पच्या आडव्या पट्टीवरचा स्क्रू ढिला आहे, दुसरं काही नाही. कारखान्यातून निघण्याआधी कुणी एकदा ही किल्ली दाबून बघितली असती, तर मी हे पत्र लिहीत बसलो नसतो.

हे सगळं मी आपल्या सर्व्हिस सेंटरला लिहून, फोटो काढून पाठवलं. बेळगावहून बेंगळुरू पाचशे किलोमीटर. पार्सलचा खर्च माझा. २६ दिवसांनी सॅक्स परत आला, तसाच. सोबत चिठ्ठी: 'दोष आढळला नाही. वादकानं सराव वाढवावा.' उजेडाची रेघ त्याच जागी होती. स्क्रूला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

मधे एकानं हवामानावर घातलं. म्हणाला, तुमच्याकडं पाऊस फार, पॅड फुगतात. खानापूरकडचा पाऊस मला कुणी शिकवू नये. पण सॅक्स आला तो दसऱ्याला. आणि हवेचंच म्हणाल, तर याच कर्नाटकातले दक्षिण कन्नडचे कद्री गोपालनाथ समुद्रकाठच्या दमट मुलखातून आले. याच अल्टोवर त्यांनी कर्नाटक संगीत वाजवलं, १९९४ साली लंडनच्या बीबीसी प्रॉम्स या संगीत महोत्सवात वाजवलं, २००४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या सॅक्सला तिकडची हवा चालली, आणि आपल्या नव्या कोऱ्या सॅक्सला बेळगावची चालत नाही?

आता आजचा फोन. हा मी शब्दन् शब्द लिहितो, कारण तो कुणीतरी वरच्या माणसानं वाचलाच पाहिजे.

आधी ११ मिनिटं थांबवून ठेवलं. मग एक मुलगा हिंदीत बोलायला लागला. नाव विचारलं, नंबर विचारला, तक्रार विचारली. सहा वेळा सांगितलेली तक्रार सातव्यांदा सांगितली. जी-शार्पचं सांगितलं. तो गप्प. मग म्हणाला, 'सर, आपली उमर काय?' मी म्हटलं, त्याचा काय संबंध? म्हणाला, 'फॉर्ममध्ये भरायची आहे.' सांगितलं, ५४. तेव्हा तो म्हणाला, 'सर, या वयात फुंक कमी होते. खालचे सूर सगळ्यांनाच जमत नाहीत. आपण वरचे सूर वाजवा.'

मी १४ वर्षांचा असल्यापासून बँडमध्ये वाजवतो. ४० वर्षं झाली. शहापूरपासून निपाणीपर्यंत किती वराती वाजवल्या असतील, मोजलेल्या नाहीत. मी फोन स्पीकरवर ठेवला आणि त्याला म्हटलं, ऐक. जुन्या सॅक्सवर बी फ्लॅट धरला, एका श्वासात, हलू न देता. मग आपला सॅक्स घेतला, तीच बोटं, तोच श्वास. घुर्र घुर्र करून सूर वर उडाला. विचारलं, आता सांग, फुंक कुणाची कमी आहे? तर म्हणाला, 'सर, मला दोन्ही सारखेच ऐकू आले. कदाचित नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल.' आणि फोन ठेवताना वर, 'माझ्या सेवेला पाच स्टार द्या.'

शेजारी माझा मुलगा बसला होता. त्यानं मान खाली घातली. वडिलांचा जुना सॅक्स आता तोच वाजवतो, म्हणून तर मी नवा घेतला. आणि त्याच्यासमोर मला सांगितलं गेलं की माझी फुंक संपली.

तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन सुरू होतो. परवा खानापूरला पाठवणीची चाल वाजवत होतो. ती खाली उतरत बीवर येते आणि तिथं थांबते. तिथंच सूर फाटला. नवरीचे वडील डोळे पुसत होते, त्यांनी हात खाली घेतला आणि माझ्याकडं बघितलं. त्या माणसाला मी स्क्रू ढिला आहे म्हणून सांगणार होतो का?

मला वाईट याचं वाटतं की १९९८ साली आपल्याच कंपनीची क्लॅरिनेट मी घेतली होती. ती आजही वाजते. याच भरवशावर हा सॅक्स घेतला. आमच्या भागातले तीन बँडवाले माझ्या शब्दाची वाट बघत थांबलेत. त्यांना काय सांगायचं ते आपल्या उत्तरावर ठरेल.

मला वाद्य बदलून पाहिजे, नाहीतर पूर्ण पैसे परत, पार्सलच्या खर्चासह. १५ दिवसांत झालं नाही, तर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं मी राहतो तिथंच दावा लावता येतो, आणि पाच लाखांच्या आतल्या खरेदीला तिथं फी लागत नाही. तिथं मी एलईडीची माळ आणि दोन्ही सॅक्स घेऊन येईन. आणि वयाबद्दल लेखी माफी पाहिजे, मुलाला दाखवायची आहे.

सॅक्स पेटीत भरून ठेवलाय. जी-शार्पच्या स्क्रूशेजारी पेन्सिलीनं खूण केलीय. ज्याला पाठवाल त्यानं आधी तिथं बघावं.

आपला ग्राहक,
एक बँडवादक
शहापूर, बेळगाव