काका, टायर आता घासत नाही

डिडकॉट, ऑक्सफर्डशायर

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही आणि काकू चिंचवडला परतलात त्याला सहा आठवडे झाले. निघताना टॅक्सीची काच खाली करून तुम्ही एवढंच म्हणालात, "मागचे ब्लॉक बदल आणि मला कळव." ब्लॉक म्हणजे माझ्या गाडीची मागची बाजू खाली आणणारे, पाटे आणि एक्सल यांच्यामधले ठोकळे. काम पुरं झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून आज लिहितोय. फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही विषय बदलता. पत्र मात्र तुम्हाला शेवटपर्यंत वाचावं लागेल. ते उघडपणे लिहितोय, कारण जुनी गाडी खाली घ्यायला, म्हणजे तिची जमिनीपासूनची उंची कमी करायला, निघालेल्या आणखी कुणाला तुमची शिकवण मिळाली तर मला आनंद होईल.

त्यांच्यासाठी थोडं गाडीबद्दल. माझी एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९७५ची. १९६२ ते १९८० या काळात या गाड्या इथून जवळच, अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनल्या. १९७४च्या अखेरीस अमेरिकेतल्या बंपरच्या नियमांसाठी क्रोमचे नाजूक बंपर गेले, काळे जाडजूड बंपर आले आणि अख्खी गाडी सुमारे दीड इंच उचलली गेली. त्याच सुमारास रोडस्टरचा पुढचा अँटी-रोल बारही, म्हणजे वळणावर गाडीचं कलणं रोखणारा आडवा दांडाही, काढून टाकला. तो काही काळानं परत आला. माझी गाडी नेमकी मधल्या दिवसांतली, उंच आणि वळणावर कलणारी. ती मूळ रूपात जशी जमिनीलगत बसायची तशी मला हवी होती.

पण मी निघालो होतो दोन इंच खाली घ्यायला. शिवाय पंधरा इंची, सात इंच रुंद चाकं विकत घेऊन बसलो होतो. दुकानदारानं गाडी न बघताच "बसतील" म्हणून सांगितलं होतं. त्या शनिवारी मी मागचं एक चाक चढवून पाहत होतो आणि तुम्ही कानटोपी घालून फिरायला निघाला होता. आपली ओळख म्हणजे तोवर नुसता नमस्कार. तुम्ही फाटकापाशी थांबलात, बराच वेळ बघत राहिलात आणि विचारलंत, "मापं घेतलीस का रे?"

घेतली नव्हती. तुम्ही घरी गेलात आणि ओळंबा, पोलादी फुटपट्टी आणि नातवाची चौकड्यांची वही घेऊन आलात. पिंपरीच्या टूलरूममध्ये घालवलेली तुमची चाळीस वर्षं मला त्या दुपारी कळली.

पहिली गोष्ट तुम्ही शिकवलीत ती उंची मोजायची. मी जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजत होतो. तुम्ही चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायला लावलंत, म्हणजे टायर बदलला, हवा कमी-जास्त झाली तरी माप तेच राहतं. त्यातून निघालं की मागची बाजू आधीच जवळजवळ अर्धा इंच खाली आलेली आहे. मागचे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, इतक्या वर्षांत थकून बसले होते. "गाडी निम्मी आपणहून खाली आली आहे, तू अजून किती दाबणार?" हे तुमचं वाक्य मला पाठ आहे.

मग ओळंबा. मडगार्डच्या कडेवरून दोरी सोडली आणि दोरीपासून टायरपर्यंतचं अंतर घेतलं. उजवीकडे २५ मिलिमीटर, डावीकडे १९. मला वाटलं माझं मोजणं चुकलं. तुम्ही तीनदा मोजायला लावलंत आणि तिन्ही वेळा तेच आलं. एक्सल (मागच्या दोन चाकांना जोडणारा आस) आणि बॉडी एकमेकांच्या बरोब्बर मधोमध बसलेली नव्हती. तुम्ही वहीत १९ भोवती गोल काढलात आणि म्हणालात, चारही चाकं या एका आकड्यावरून निवडायची.

तोवर मला रिमची रुंदी आणि ऑफसेट (चाक जिथं गाडीला बसतं ती जागा रिमच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे ते) हे दोन निराळे प्रश्न आहेत हेही नीट उमगलं नव्हतं. रिमचा मध्य जागेवर ठेवून पाच इंचांचा रिम सात इंचांचा केला तर एक इंच बाहेर येतो आणि एक इंच आत जातो. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि माझ्याकडे होते १९. ऑफसेट बदलून चाक आत ढकलावं तर ते पाट्याकडे सरकतं. तुम्ही हे चौकड्यांवर पेन्सिलीनं काढून दाखवलंत आणि विकत घेतलेली चाकं त्या कागदावरच बाद झाली. मला वाईट वाटलं हे तुम्हाला दिसलं असावं. दुकानदारानं ती परत घेतली, थोडे पैसे कापून.

नंतरचे दोन रविवार आपण टायरांच्या हिशोबात घालवले. मूळचा १६५/८०चा (पहिला आकडा रुंदीचे मिलिमीटर, दुसरा टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते) चौदा इंची टायर उभा ६२० मिलिमीटर भरतो आणि १८५/७० भरतो ६१५. फरक पाच मिलिमीटरचा, म्हणजे स्पीडोमीटरही खोटं बोलत नाही. रुंदी प्रत्येक बाजूला दहा मिलिमीटर वाढते, तरी डावीकडे नऊ उरतात. म्हणून मिनीलाइट या जुन्या रेसिंग चाकांच्या धर्तीची चौदा इंची, साडेपाच इंच रुंद, मध्य मूळच्या चाकासारखाच असलेली चाकं घेतली. चार बोल्टचं ११४.३ मिलिमीटरचं वर्तुळ तर जुळलंच, पण जुने निमुळत्या तोंडाचे नट या चाकांना चालत नाहीत, त्यांना वॉशरवर बसणारे सरळ नट लागतात, हेही तुम्हीच पाहिलंत.

पुढच्या स्प्रिंगांचा दिवस मी विसरणार नाही. स्प्रिंगच्या खालच्या ताटाचे बोल्ट सरळ सोडून मी जॅक खाली घेणार होतो. तुम्ही माझा हात धरलात. दाबलेली स्प्रिंग निसटली तर माणसाला आडवं करते, म्हणालात, आणि तुमच्या आवाजात पहिल्यांदाच राग होता. मग समोरासमोरच्या दोन बोल्टांच्या जागी लांब आटे असलेल्या सळ्या घालून आपण ते ताट दोन्हीकडून एकेक फेरा सोडत खाली आणलं. गाडी दीड इंच खाली आणणारी आखूड स्प्रिंग चढवायला चार तास लागले. त्या चार तासांत तुम्ही एकदाही घड्याळ पाहिलं नाहीत. बुश, म्हणजे सांध्यांतली रबरी नळकांडी, शेवटी, गाडी चाकांवर उभी करूनच आवळायचे, नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं, हेही त्याच दिवशी शिकलो. पुढचा अँटी-रोल बारही तेव्हाच बसवला. कलण्याचं खरं दुखणं तिथंच होतं, उंचीत कमी होतं, हे तुमचं निदान अगदी बरोबर निघालं.

आणि कणीक! काकूंकडून कणकेचा गोळा मागून आणलात, त्याचे बोटभर तुकडे मागच्या मडगार्डच्या आतल्या कडेला चिकटवलेत आणि म्हणालात, आता दोघं बसून जाऊ, गतिरोधकावरून. परत आलो तर उजवीकडचे तुकडे जसेच्या तसे, डावीकडच्या तिसऱ्यावर टायरची स्पष्ट रेघ. कड ठोकून आत वळवावी असं मी म्हटलं, तुम्ही साफ नाही म्हणालात. पन्नास वर्षांचा पत्रा, रंग तडकेल, तिथून गंज शिरेल. त्यापेक्षा मागचे दीड इंचाचे ब्लॉक काढून एक इंचाचे घाल, म्हणजे एक्सलला वर यायला अर्धा इंच जास्त मिळेल आणि तेवढ्या दणक्यात टायर कडेपर्यंत पोचणार नाही. तीन दिवसांनी तुमचं विमान होतं.

काका, एक इंचाचे ब्लॉक बसले. एक्सल आणि पाटे बांधून ठेवणारे, त्यांच्या मापाचे यू-बोल्टही नवे घेतले. पुढची चाकं आतल्या बाजूला दोन मिलिमीटर वळवून घेतली, हेडलाइटची दिशा जुळवली, विमा कंपनीला बदल कळवले. गाडी मागून किंचित उंच दिसते आणि मला ती तशीच आवडायला लागली आहे. गेल्या रविवारी अ‍ॅबिंग्डनला जाऊन आलो. वळणावर ती आता आडवी पडत नाही, हात स्टिअरिंगवर नुसता ठेवला तरी रस्ता कळतो.

तुमचा ओळंबा तुम्ही मुद्दाम ठेवून गेलात का, हे मी विचारणार नाही. तो गॅरेजमध्ये खिळ्याला टांगला आहे. तुम्ही पैसे घेतले नाहीत, पेट्रोलचेही नाहीत. माझे वडील गेल्यापासून माझ्या शेजारी बसून कुणी मला काही शिकवलं नव्हतं. ते तुम्ही केलंत. मी तुमचा मनापासून ऋणी आहे.

कणीक या वेळी मी मळली. तुकडे तेवढेच, तोच गतिरोधक, शेजारच्या सीटवर तुमच्याऐवजी तुमचा मुलगा. डावीकडच्या तिसऱ्या तुकड्याचा फोटो वेगळा काढून सोबत जोडला आहे. मोठा करून पाहा, त्यावर फक्त माझ्या बोटांचे ठसे आहेत.

तुमचा,
समोरच्या घरातला