काकू, तुम्ही फवारा काढून घेतलात त्याबद्दल

प्रिय काकू,

जिन्यात भेटतो, हसतो, बोलतो. आभार मात्र राहूनच गेले. तोंडावर म्हटलं तर "चल, काहीतरीच!" म्हणून उडवून लावाल, म्हणून हे असं चारचौघांत.

त्या दिवशी मी मिरचीच्या रोपावर औषध मारायच्या तयारीत होते. पानं आक्रसलेली, चिकट, आणि त्यांवर काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या, चिमुकल्या सुसरींसारख्या अळ्या. आधीच्या चार दिवसांत तशा वीसेक तरी चिरडल्या होत्या, आणि हे तुम्हाला मी फुशारकीने सांगितलंही. तुम्ही फवारा काढून घेतलात आणि हातात भिंग दिलंत. "पाच मिनिटं बघत बस. कोण काय खातंय ते सांग."

पानाच्या मागे हिरवा मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारे बारीक किडे, दाटीने बसलेला, आणि माझी ती सुसर एकेकाला मटकावत होती. ढालकिड्याची अळी! लाल पाठीवर काळे ठिपके असलेला तो गोंडस किडा चित्रात शंभरदा पाहिला असेल, पण त्याचं बालपण असलं ओबडधोबड असेल हे कुणाच्या ध्यानीमनी? चोरामागे धावणाऱ्या पोलिसालाच मी बडवत होते. वर तुम्ही सांगितलंत की औषधाने दोघेही मरतात, पण मावा आधी परत येतो. त्याची मादी नराशिवायच थेट पिल्लं देते, आणि ती आठवडाभरात स्वतः विणायला लागतात. मागच्या महिन्यात तीनदा फवारूनही मावा का हटत नव्हता, ते तेव्हा कळलं.

मग काय, मी सगळ्याच ठिपकेवाल्यांची भक्त झाले. वांग्यावर दिसले तेव्हा आनंदाने तुम्हाला बोलवायला धावले. तुम्ही हसलात. "याची पाठ चमकतेय का बघ." नव्हती चमकत. बारीक लव होती, रंग विटलेला, आणि पानांचा हिरवा भाग खरवडून नुसती जाळी उरलेली. त्याच घराण्यातला, पण पानं खाणारा. पिवळ्या काटेरी अळ्या तुम्ही बोटांनीच वेचल्यात, माझ्याच्याने ते अजून होत नाही.

जास्वंदीवरच्या पांढऱ्या कापसाचंही तसंच. पिठ्या ढेकूण म्हणून पुसायला गेले, तर त्यातलाच एक मोठा, लांब झालरीचा भराभर चालायला लागला. तोही ढालकिड्याचीच अळी, पिठ्याचं सोंग घेऊन पिठ्याच खाणारी. आणि केसाएवढ्या देठांवर उभी असलेली ती अंडी, जी मी बुरशी समजून ओल्या फडक्याने पुसली होती! ती क्रायसोपाची, म्हणजे माव्याच्या आणखी एका वैऱ्याची, हे सांगताना तुम्ही रागावला नाहीत. मला वाटलं होतं रागवाल.

आता लिंबाचं. त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी आली आहे, डिवचलं की लालसर शिंगं काढून वास सोडते. चांगली की वाईट, विचारलं तर तुम्ही म्हणालात, "फुलपाखरू होईल. लिंबाला विचारशील तर वाईट. चार पानं जाऊ देत की."

काकू, आजवर अकरा गेली. मी मोजतेय, पण अळीला हात लावलेला नाही.

तुमची,
खालच्या मजल्यावरची

ता. क. भिंग अजून माझ्याकडेच आहे. मागितल्याशिवाय देणार नाही.