बाँझूर म्हटल्याशिवाय पाव मिळत नाही

ल्यों, रविवार

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार. हसू नकोस, पत्रच नमस्काराबद्दल आहे.

तिकीट काढलंस हे फार बरं केलंस. क्लास लावून तू ‘देव’ चालवावा तशी फ्रेंच क्रियापदं चालवतोस म्हणे. मीही असाच तयारीने आलो होतो. पहिल्याच आठवड्यात घराखालच्या बेकरीत गेलो आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, ‘उन बागेत, सिल व्हू प्ले.’ म्हणजे एक बागेत, तो लांबुडका पाव, द्या, कृपया. काउंटरपलीकडच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘बाँझूर, मस्यू.’ म्हणजे नमस्कार, साहेब. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. जरा मोठ्याने पुन्हा मागितला. पुन्हा ‘बाँझूर, मस्यू’, या वेळी सावकाश. हात पावाकडे जाईना. मागे रांग वाढत होती. शेवटी ट्यूब पेटली, ‘बाँझूर, मादाम’ म्हटलं आणि पाव लगेच हातात पडला.

तेव्हा ‘कृपया’वर फार भिस्त ठेवू नकोस. आधी समोरच्या माणसाची दखल घ्यायची, मग काम सांगायचं. नीसमधल्या एका कॅफेने तर 2013 साली पाटीच लावली होती: नुसतं ‘एक कॉफी’ म्हणाल तर 7 युरो, ‘एक कॉफी, कृपया’ला 4.25, आणि बाँझूरसकट मागितली तर 1.40. गंमतच होती ती, पण अख्ख्या फ्रान्सला आवडली.

बसमध्ये चढताना ड्रायव्हरला बाँझूर. दवाखान्यात बाहेर बसलेल्या सगळ्यांना मिळून एक बाँझूर. बाईमाणसाला सरळ मादाम म्हण, लग्न झालंय का याचा अंदाज बांधू नकोस. ‘मादम्वाझेल’, म्हणजे कुमारी, सरकारी फॉर्मांवरूनही 2012 साली हद्दपार झालं. संध्याकाळी ‘बाँस्वार’. ‘बॉन न्वी’ मात्र अंथरुणात शिरतानाच, नाहीतर हॉटेलातल्या वेटरला तू ‘झोपा आता’ म्हणून येशील. दुकानातून निघताना ‘मेर्सी, बॉन झूर्ने’, म्हणजे दिवस चांगला जावो.

आणि एकाच माणसाला दिवसात दोनदा बाँझूर नको. मी ऑफिसातल्या एका बाईंना तसं केलं, तर त्या जरा खट्टूच झाल्या: ‘सकाळी भेटलो की आपण!’ सकाळची भेट मी विसरलो, असा अर्थ झाला. त्यासाठी ‘रबाँझूर’ असा वेगळा शब्द आहे. आहे की नाही कमाल?

‘त्यू’ आणि ‘व्हू’ची धास्ती घेऊ नकोस. इंग्रजांना ते जड जातं, आपण तर अरे-अहोतच वाढलो. आईला आणि देवाला इथेही एकेरीच. अनोळखी माणसाला व्हू. त्यूवर यायचं का, ते त्याला ठरवू दे.

गालाला गाल लावायचा प्रकार, ‘बीझ’, माझ्या अजून अंगवळणी पडलेला नाही. ल्योंत दोनदा, माँपेलिएकडे तीनदा. तिकडे मी दोनावर थांबलो आणि यजमानीणबाई तिसऱ्यासाठी हवेत तशाच राहिल्या. तू हात पुढे कर, चालतं.

सवय मात्र वाईट लागते. गेल्या दिवाळीत सांगलीत वडापावच्या गाडीवर जाऊन मी आधी ‘नमस्कार’ म्हणालो. कढईतला झारा तसाच धरून त्याने मला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, ‘कुठला वॉर्ड, साहेब?’

येताना भडंग आण, किलोभर तरी.

तुझाच,
लंबू