बरगडीवर गोंदण्याआधी

पुणे, रविवार

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, बरगडीवर टॅटू काढला तर खूप दुखेल का गं?" आणि मी "नकोच ते" म्हणून विषय बदलला. फोन ठेवल्यापासून ते मला लागून राहिलंय. तू परवानगी मागत नव्हतीस. चोवीस वर्षांची कमावती मुलगी आईला हे विचारते, ते आईचा सगळा जन्म लॅबमध्ये सुया टोचण्यात गेला म्हणून. मला उत्तर ठाऊक होतं आणि मी ते दिलं नाही. आता सगळं नीट लिहिते.

हो, बरगडीवर खूप दुखेल. पहिलाच टॅटू असेल तर मी ती जागा घेऊ नको असंच म्हणेन. पण का, ते ऐक.

टॅटूची सुई कातडीत साधारण एक ते दोन मिलिमीटर आत जाते. वरचा थर महिन्याभरात झडून नवा येतो, शाई तिथेच राहिली तर ती त्याच्याबरोबर निघून जाईल. म्हणून ती खालच्या थरात सोडावी लागते. तिथल्या पेशी शाईचे कण गिळून धरून ठेवतात, म्हणून गोंदण जन्मभर राहतं. पण नसा आणि रक्तवाहिन्याही तिथेच असतात. मशीनची सुई सेकंदाला शंभरएक वेळा खालीवर होते, त्यामुळे मी रक्त काढताना तुला जे एकदा टोचतं, त्याच्याशी याची तुलनाच नको. तुला पायाला ठेच लागते तेव्हा आधी झटकन कळ येते आणि मग मागून ठणका सुरू होतो ना? ते दोन वेगळ्या नसांचं काम आहे. कळ नेणारी नस जलद, ठणका नेणारी सावकाश, सेकंदाला जेमतेम एक मीटर. टॅटूत दोन्ही एकदमच चालू राहतात. रेघ ओढताना कळ जास्त, आणि आत रंग भरताना त्याच त्या जागेवर पुन्हापुन्हा सुई फिरली की भाजल्यासारखी आग.

बरगडीवर हे सगळं वाढतं. तिथे कातडी पातळ, खाली मांसाचा थर जवळजवळ नाहीच, लगेच हाड. हाडाला जे पातळ आवरण असतं ते नसांनी भरलेलं असतं, आणि प्रत्येक दोन बरगड्यांमधून एक नस पाठीकडून पुढे येते. मशीनचा थरथराट थेट हाडात उतरतो. त्यात तू श्वास घेतेस तशी ती जागा वरखाली होते. दुखलं की आपण श्वास रोखतो, रोखला की पुढचा श्वास खोल घ्यावा लागतो, आणि तो खोल श्वास सुईखाली येतो. नडगी, गळ्याखालचं हाड, घोटा, पावलाची वरची बाजू, छातीचं मधलं हाड या जागाही याच जातीच्या. नडगीला पलंगाची कड लागते तेव्हा आठव.

दुसऱ्या दुखऱ्या जागा हाडाच्या नसतात. काख, दंडाची आतली बाजू, कोपराची खोबण, गुडघ्यामागची खोबण, मांडीची आतली बाजू, मनगटाची आतली बाजू. तिथली कातडी उन्हावाऱ्याला सरावलेलीच नसते, ती झोंबते. बोटं, तळहात, तळपाय तर घेऊच नको. तिथे दुखतं भरपूर आणि घासून घासून शाईही धड टिकत नाही.

बोटांचं मी डोळे झाकून सांगेन. साखर तपासायला आम्ही बोटाच्या मधोमध कधीच टोचत नाही, कडेला टोचतो, कारण मधला फुगीर भाग सगळ्यांत हळवा असतो. हे मला पहिल्या महिन्यात एका वयस्क बाईंनी शिकवलं होतं. "पोरी, याच बोटाने मी तांदूळ निवडते, तिथे नको टोचूस." शिरेतून रक्त घेताना मोठी सुई कोपरात जाते तरी माणूस गप्प बसतो, आणि एवढ्याशा बोटाच्या टोचेला हात मागे ओढतो.

तुझ्याकडे केसांची यू-पिन असेल तर एक करून बघ. दोन्ही टोकं जवळ आण आणि डोळे मिटून बोटाच्या टोकाला लाव. दोन-तीन मिलिमीटरचं अंतर असलं तरी दोन टोकं वेगळी कळतात. तीच पिन कुणाला तरी तुझ्या पाठीला लावायला सांग. तिथे बोटभर अंतर असूनही एकच टोक वाटेल. वेबर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी हे १८३४ साली कंपास घेऊन मोजून ठेवलंय. तो स्पर्श झाला. वेदनेचं असंच मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये सगळ्या अंगावर केलं, तेव्हा कुठे दुखतंय हे सगळ्यांत बारकाईने कळणाऱ्या दोन जागा निघाल्या. एक बोटांची टोकं आणि दुसरी कपाळ.

कपाळ वाचलं तेव्हा मला आजी आठवली. तिला भोरजवळच्या तिच्या माहेरी लग्नाच्या आधी गोंदलं. गोंदणारीण दारात आली, तीन सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या, करवंटीत काजळी कालवलेली. टोचताना ती गाणं म्हणायची, पोरीचं लक्ष दुसरीकडे राहावं म्हणून. आजी सांगायची, "हातावरचं सोसलं गं, कपाळावरचं नाही सोसवलं. डोळे आपोआप गळायला लागले." तिच्या कपाळावर म्हणूनच एकच टिकली होती आणि डाव्या हातावर अख्खं तुळशीवृंदावन. तिला कुणी शास्त्र सांगितलं नव्हतं, पण कुठे किती सोसेल हे तिच्या अंगाने तिला सांगितलं होतं आणि तिने ते ऐकलं.

परवा पालख्या पुण्यात होत्या. मी दरवर्षीसारखी नाना पेठेत रक्तदाब तपासायला बसले होते. साताऱ्याकडच्या एक मावशी आल्या, पट्टा बांधायला हात पुढे केला तर तसंच वृंदावन, हिरवट पडलेलं, सुरकुत्यांत मोडलेलं. माझा हात क्षणभर तिथेच थांबला. त्या म्हणाल्या, "बरोबर येणारं एवढंच असतंय बाई, बाकी सगळं हितंच ऱ्हातंय." आजीही अगदी हेच म्हणायची.

आता तुला आजवर न सांगितलेली गोष्ट सांगते. मलाही गोंदलेलं आहे.

२०१२ साली माझं कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा तू सहावीत होतीस. त्यानंतर रेडिएशन घ्यावं लागलं, पंचवीस वेळा. दर वेळी किरण अगदी त्याच जागी पडावेत म्हणून आधी अंगावर खुणा करतात. पेनची खूण आंघोळीत जाते, म्हणून शाईचा थेंब ठेवून सुईने ठिपका टोचतात. मला असे तीन आहेत. एक छातीच्या मधल्या हाडावर आणि एकेक दोन्ही कुशींत, बरगड्यांवर. तू लहान असताना मधल्या ठिपक्यावर बोट ठेवून "आई, हा तीळ नवीन आहे का?" असं विचारलं होतंस आणि मी हो म्हणाले होते.

हात डोक्यावर घेऊन गार टेबलावर पडले होते. मधला ठिपका टोचला तेव्हा कळ सरळ घशापर्यंत आली. उजव्या बरगडीवरच्याने श्वास अडकला. एकेकच टोच, सई. आणि डावीकडचा टोचला तेव्हा मला नुसता दाब कळला. दुखलंच नाही. ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढताना तिथून जाणारी एक नस दुखावते, त्यामुळे माझ्या डाव्या काखेखालचा भाग आणि डाव्या दंडाची आतली बाजू आजही बधिर आहे. गरम वाफ लागली तरी कळत नाही, म्हणून कुकर उघडताना मी उजवा हात पुढे करते. ते तू पाहिलं असशील. त्या टेबलावर मला रडू आलं ते उजवीकडच्या दुखण्याने नाही, डावीकडे काहीच दुखलं नाही म्हणून.

म्हणून तू फोनवर म्हणालीस ना, "दुखलं तर दुखू दे, सोसून दाखवीन", ते मला बोचलं. कुणाला दाखवायचंय? दुखणं हे अंगाचं बोलणं आहे. बरगडीवर तीन तास ते ओरडत असताना दात आवळून पडून राहण्यात मला शौर्य दिसत नाही.

आणि बधिर करणारं मलम. तुझ्या मैत्रिणीने सांगितलं तसं जाड थर लावून वर प्लॅस्टिक गुंडाळून झोपू नकोस. हे मी अगदी ठाम सांगते. त्यात लिडोकेन असतं. थोड्या जागेवर, सांगितलं तेवढंच लावलं तर ठीक. पण मोठ्या भागावर लावून वरून झाकलं की ते रक्तात उतरतं आणि मग हृदयाचे ठोके बिघडू शकतात, झटकेही येऊ शकतात. बाजारात मिळणाऱ्या अशा जास्त ताकदीच्या मलमांबद्दल अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने, एफडीएने, मार्च २०२४ मध्ये इशारा दिला होता. लावायचंच असेल तर आधी डॉक्टरांना विचार, आणि टॅटू काढणाऱ्यालाही सांग.

तुझं अजून एक आहे. आठवीत तुझं रक्त मीच घेतलं होतं. सुई निघाली, तू उठलीस आणि माझ्या अंगावर कोसळलीस. ती कमजोरी नव्हती. धसक्याने काही जणांचा रक्तदाब एकदम खाली येतो, जिममध्ये जाणारे धट्टेकट्टे मुलगे माझ्यासमोर पडलेत. तेव्हा पोटभर जेवून जा, आदल्या रात्री नीट झोप, टॅटू आडवी पडून काढून घे, झाल्यावर लगेच उठू नको. आदल्या दिवशी दारू नाही, ॲस्पिरिन नाही. सुईचं पाकीट तुझ्यासमोर फोडलं पाहिजे, शाई छोट्या वेगळ्या टोपणात ओतली पाहिजे, हातमोजे नवे पाहिजेत. विचारायला लाजू नकोस. कावीळ बी आणि सी सुईतूनही पसरतात, मी त्यांचे रिपोर्ट रोज बघायचे. वर्षभर रक्तदान करता येणार नाही, तेही ऑफिसच्या शिबिरात आधीच सांगून ठेव.

जागेचं माझं मत सांगते. दंडाची बाहेरची बाजू, हाताची कोपरापासून मनगटापर्यंतची बाहेरची बाजू, मांडीची बाहेरची बाजू, पोटरी. इथे कातडी जाड, खाली मांस, हाड लांब. दुखेल, पण बोलता बोलता सहन होईल असं. बरगडी तू ऑफिसमध्ये दिसू नये म्हणून निवडलीस, हे मला कळतं. पण तिथे आतल्या कपड्याचा पट्टा दोन-तीन आठवडे ओल्या जखमेवर घासेल, त्यात तुझी लोकलची गर्दी. लपवायचंच असेल तर मांडी आहे. पण आजीचं वृंदावन काढायचं म्हणतेस, तर ते आजीच्या जागीच का नको? डाव्या हातावर. पूर्ण बाहीचे कुडते तुझ्याकडे भरपूर आहेत, आणि पुण्यात गाडी चालवताना तू सनकोट घालतेसच. उन्हापासून त्याला जपावंच लागतं.

तुला बरगडीच हवी असेल तरी मी अडवणार नाही. फक्त मग एका बैठकीत नको, दोन बैठकींत कर, आणि मधे थांबायला सांगायला कचरू नको. तासाभराने अंगातली पहिली उभारी ओसरते आणि मग तीच सुई दुप्पट लागते.

शनिवारी फर्ग्युसन रस्त्यावरच्या त्या स्टुडिओत मी बरोबर येते. बाहेर बसायला सांगितलं तर बाहेर बसेन. घरून जेवूनच निघू, मी वरणभात आणि लिंबाचं लोणचं करून ठेवते.

काल आजीचा जुना फोटो बाहेर काढला, तो अंगणातला, शेंगा सोलत बसलेली. भिंगातून बघून वृंदावन बटर पेपरवर उतरवून घेतलंय. वरची तुळस स्पष्ट दिसते, दोन्ही बाजूंच्या पायऱ्याही. खालचे ठिपके फोटोत पुसट झालेत, ते मी आठवून काढलेत. पाच आहेत, आणि शेवटचा बाकीच्यांपेक्षा जरा मोठा आणि किंचित खाली सरकलेला. तो टोचताना आजीने हात ओढला होता. टॅटू काढणारा मुलगा तो सरळ करायला जाईल, त्याला सांग, तो तसाच ठेवायचा.

तुझी,
आई