लादीकामाची परवानगी आणि तिचा खर्च: सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था, मुलुंड (पूर्व), मुंबई

विषय: फ्लॅटमधील लादीकामासाठी घेतले जाणारे शुल्क व घातल्या जाणाऱ्या अटी यांचा फेरविचार करून हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवणेबाबत.

महोदय,

चौथ्या मजल्यावरच्या आमच्या घरातली लादी बदलण्यासाठी मी गेल्या महिन्यात अर्ज दिला. त्यावर कार्यालयातून शुल्क आणि अटींचा छापील कागद मिळाला, तो वाचून हे पत्र लिहिते आहे. परवानगी घ्यावी लागते याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. घरात फेरबदल करण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी घ्यावी, असे आदर्श उपविधींतच आहे आणि शंभर कुटुंबे एका छपराखाली राहतात तिथे ते हवेच. माझे म्हणणे वेगळे आहे. या अटींमुळे कामाचा खर्च तीस टक्क्यांनी वाढतो, आणि एवढे पैसे जाऊनही बिल्डिंगची काळजी मात्र घेतली जात नाही.

आमच्या घरात १९८९ सालचे मूळ मोझॅक आहे. दोन्ही बेडरूममध्ये ते अजून घट्ट आहे. हॉलमध्ये आणि पॅसेजमध्ये मात्र काठीने ठोकले की पोकळ वाजते, सांधे उघडले आहेत आणि स्वयंपाकघराच्या दाराशी दोन लाद्या खचल्या आहेत. सासूबाई वॉकर घेऊन चालतात. वॉकरचा पुढचा पाय नेमका त्या खचलेल्या कडेला अडतो, आणि त्यांना दर वेळी तो उचलून पलीकडे ठेवावा लागतो. हौसेखातर काढलेले हे काम नाही, हे आपल्याला माहीत असावे म्हणून लिहिते.

आता खर्चाचे. बाथरूम सोडून ४८० चौरस फूट लादी बसवायची आहे. कंत्राटदाराने दिलेला हिशेब असा: कटिंग, तूटफूट आणि स्कर्टिंग (भिंतीच्या पायाशी लावायची टाइलची पट्टी) धरून दोन बाय दोन फुटांच्या व्हिट्रिफाइड टाइल्सचे ३८ बॉक्स, जीएसटीसकट सुमारे ३७,७०० रुपये. बसवण्याची मजुरी चौरस फुटाला ४५ रुपयांप्रमाणे २१,६००. स्कर्टिंगची मजुरी ४,०००. जुनी लादी फोडायला ९,६००. सिमेंट आणि वाळू १३,४००. चढ-उताराची हमाली १२,०००. डेब्रिजच्या, म्हणजे फोडलेल्या राडारोड्याच्या, गाडीच्या दोन फेऱ्या ९,०००. बेरीज होते १,०७,३०० रुपये.

यातली टाइल्सची किंमत कोणीही विचारतो. फोडलेल्या मालाचे वजन मात्र कोणाच्या डोक्यात नसते, म्हणून तेही सांगते. मोझॅक आणि त्याखालचा सिमेंट-वाळूच्या मालाचा थर मिळून साधारण ७० मिलिमीटर जाडी निघते. ४८० चौरस फुटांचे ते सहा-साडेसहा टन भरतात. पंचवीस किलोच्या गोण्या केल्या तर अडीचशेच्या वर होतात. त्या चार मजले जिन्याने उतरवायच्या, आणि त्याच जिन्याने वाळू-सिमेंट वर न्यायचे. लादीच्या कामात मजुरी का लागते ते इथे कळते.

या १,०७,३०० वर सोसायटीचे काय काय चढते ते पाहा. ‘रिनोव्हेशन चार्जेस’ म्हणून १०,००० रुपये, परत न मिळणारे. लिफ्ट वापराचे ५,०००. डेब्रिज सोसायटीने ठरवलेल्या माणसाकडूनच उचलायचे, त्याचा दर १६,०००, म्हणजे बाहेरच्यापेक्षा ७,००० जास्त. काम सकाळी ११ ते १ आणि दुपारी ३ ते ५ एवढ्याच वेळात करायचे. चार तासांसाठी मिस्त्री आणि बिगारी पूर्ण रोज घेतात, म्हणून कंत्राटदाराने मजुरीत तीस टक्के वाढवून मागितले आहेत, ते सुमारे १०,५००. हे सगळे धरून ३२,५०० रुपये झाले. शिवाय २५,००० रुपये डिपॉझिट वेगळे. पंधरा दिवसांत काम झाले नाही तर दिवसाला ५०० रुपये दंड. दिवसाला चारच तास द्यायचे आणि मुदतही बांधायची, हे मला पटत नाही.

एकेक मुद्दा घेते. दहा हजारांचे हे शुल्क कशासाठी आहे, ते कागदावर कुठेच लिहिलेले नाही. मी मागची इतिवृत्ते पाहिली, सर्वसाधारण सभेत ते मंजूर झाल्याचा ठराव मला सापडला नाही. असल्यास कृपया दाखवावा. सोसायटीने सभासदाकडून काय आणि किती घ्यावे याला सरकारने मर्यादा घातलेल्या आहेत. २००१ साली बिनवापर शुल्क (सभासद स्वतः न राहता घर भाड्याने देतो तेव्हाचे) सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच घेता येईल असे ठरले, आणि महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य (घर दुसऱ्याच्या नावावर होताना सोसायटी घेते ती रक्कम) जास्तीत जास्त २५,००० रुपये ठरले. त्यामागचा विचार सरळ आहे: सोसायटी सभासदांकडून नफा कमावण्यासाठी नाही. घरातली फरशी बदलणाऱ्याकडून, कसलेही काम करून न देता दहा हजार घेणे त्या विचारात बसत नाही. कामामुळे सोसायटीला जो खर्च खरोखर पडेल, जिना धुण्याचा, वॉचमनच्या जादा वेळेचा, तो बिल दाखवून घ्यावा. मी आनंदाने देईन.

लिफ्टचेही तसेच. लिफ्टमधून डेब्रिज आणि वाळू न्यायची नाही, ही अट बरोबर आहे आणि ती राहावी. दाराच्या खाचेत खडी अडकली की लिफ्ट बंद पडते आणि वरच्या मजल्यांवरच्या वयस्कर माणसांचे हाल होतात. पण मग लिफ्टमधून जाणार काय, तर ३८ बॉक्स टाइल्स. एका बॉक्सचे वजन २८ किलोच्या आसपास, आपली सहा माणसांची लिफ्ट ४०८ किलोची. पाच-पाच बॉक्स नेले तरी आठ फेऱ्या. लिफ्टच्या देखभालीचा खर्च आपण सगळे सभासद दरमहा समान भरतोच. आठ फेऱ्यांना पाच हजार कसे, हे मला समजलेले नाही.

वेळेचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे दोन्ही बाजूंना न्याय देणे शक्य आहे. आवाज फोडण्याचा होतो आणि कटरचा होतो. बाकीचे काम, माल पसरणे, लेव्हल काढणे, लादी ठोकून बसवणे, सांधे भरणे, यांचा शेजारच्या घरात फारसा त्रास नाही. रबरी हातोडीचा आवाज दार लावले की बाहेर फारसा येत नाही. शिवाय सिमेंटचा माल एकदा कालवला की तो थांबत नाही. एक वाजता काम बंद करायचे असेल तर मिस्त्री सव्वाबारालाच नवा माल कालवणे सोडतो, आणि उरलेला घट्ट झालेला माल फेकून द्यावा लागतो. तीनला पुन्हा सुरुवात, साडेचारला पुन्हा आवराआवर. म्हणजे चार तासांतले जेमतेम तीन हाती लागतात, आणि अर्धवट सुटलेल्या कडेला नंतरचा माल नीट धरत नाही, तिथेच पुढे लादी पोकळ होते. म्हणून विनंती अशी की, फोडण्याला आणि कटिंगला १० ते १ आणि ४ ते ६ ही वेळ द्यावी, आणि बिनआवाजाच्या कामाला सकाळी ९ ते संध्याकाळी ६. दुपारच्या झोपेला धक्का लागणार नाही आणि एकूण कामाचे दिवस कमी होतील. तिसऱ्या मजल्यावर आमच्या खालीच लहान बाळ आहे. त्या घरी मी स्वतः जाऊन फोडण्याचे दिवस आधी सांगणार आहे.

आता जुन्या लादीवर नवी लादी बसवण्याला असलेल्या सरसकट बंदीबद्दल. कागदात कारण दिले आहे ‘इमारतीवर भार’. काळजी रास्त आहे, पण आकडे पाहू या. नवी टाइल आणि तिच्याखालचे ॲडहेसिव्ह (टाइल चिकटवायचा तयार मसाला) मिळून चौरस मीटरला तीस किलोही भरत नाहीत. राहत्या घराच्या खोल्यांसाठी भारतीय मानक ८७५ मध्ये माणसे आणि सामान यांचा जो भार धरायचा असतो, तो चौरस मीटरला साधारण दोनशे किलो आहे. उलट जुनी लादी फोडून नवी बसवताना लेव्हल मिळावी म्हणून मालाचा थर एक इंच जास्त पडला, तर चौरस मीटरला पन्नासेक किलो वाढतात. ते कोणी मोजत नाही, त्याला बंदीही नाही. आणि फोडताना छत्तीस वर्षांच्या स्लॅबवर घणाचे घाव पडतात ते वेगळेच. खालच्या घरातल्या छताचे प्लास्टर सुटते ते त्यामुळेही.

सगळीकडे लादीवर लादी चालते असे मी म्हणत नाही. जिथे जुनी पोकळ वाजते तिथे ती काढलीच पाहिजे, नाहीतर नवीही तिच्याबरोबर हलते. आमचा हॉल, स्वयंपाकघर आणि पॅसेज फोडावेच लागतील. पण दोन बेडरूमची २२० चौरस फूट घट्ट लादी केवळ नियमापायी फोडायची का? तिथे आयएस १५४७७ या ॲडहेसिव्हच्या भारतीय मानकाप्रमाणे लादीवर लादीसाठी योग्य प्रकारचे ॲडहेसिव्ह वापरले, दरवाजे खालून थोडे तासले आणि हॉलची लेव्हल त्याला जुळवून घेतली, तर ॲडहेसिव्हचे पैसे वजा जाता माझे पंधरा हजारांच्या आसपास वाचतात आणि शंभराहून जास्त गोण्या जिन्यात येतच नाहीत. आपली इमारत तीस वर्षांच्या पुढची असल्याने संरचनात्मक तपासणी करावीच लागते. त्याच अभियंत्यांकडून या एका प्रश्नावर लेखी मत घ्यावे. त्यांनी नाही म्हटले तर मी बेडरूमही फोडेन, पुन्हा विषय काढणार नाही.

डेब्रिजबाबत माझी सूचना आहे की, माणूस सभासदाने निवडावा, सोसायटीने पावती मागावी. बांधकामाचा राडारोडा नीट ठिकाणी पोहोचवण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्याची आहे, हे केंद्राच्या २०१६ च्या नियमांपासून स्पष्ट आहे. मुंबई महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवाही आहे. सोसायटीने ठरवलेला माणूस सोळा हजार घेतो आणि माल कुठे टाकला याचा कागद देत नाही. उद्या तो माल खाडीच्या कडेला सापडला तर विचारणा आपल्यालाच होईल.

डिपॉझिट मात्र ठेवावे. पंचवीस हजारही मला जास्त वाटत नाहीत. फक्त काम सुरू होण्यापूर्वी जिना, लिफ्ट आणि आमच्या दारासमोरची जागा यांचे फोटो सचिवांनी आणि सभासदाने मिळून काढावेत, काम संपल्यावर पुन्हा काढावेत आणि पंधरा दिवसांत पैसे परत द्यावेत. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना त्यांच्या डिपॉझिटसाठी वर्षभर थांबावे लागले, आणि जिन्यातली जी पायरी आधीपासूनच तुटलेली होती तिचे पैसे त्यातून कापले गेले. पुरावा नसल्याने त्यांना काही बोलता आले नाही.

एक गोष्ट या कागदात नाही आणि ती असायला हवी होती. बाथरूमची लादी फोडणाऱ्याला वॉटरप्रूफिंगची कोणतीही अट नाही. सोसायटीत सर्वांत जास्त भांडणे कशावरून होतात ते आपण जाणताच: वरच्या बाथरूमचे पाणी खालच्या छतातून. टाइलखालचा जुना कोबा (पाणी अडवणारा थर) एकदा उखडला की नुसती टाइल बसवून गळती थांबत नाही. म्हणून, बाथरूम फोडल्यास नव्याने वॉटरप्रूफिंग करणे सक्तीचे करावे, टाइल लावण्यापूर्वी पाणी भरून दोन दिवस ठेवावे आणि खालच्या घरातल्या माणसाने छत कोरडे असल्याची सही द्यावी. या सहीला एक पैसाही लागत नाही. दहा हजारांच्या शुल्कापेक्षा तिने बिल्डिंग जास्त टिकेल. आमचे बाथरूम आम्ही या वेळी करत नाही, तरी पुढे करू तेव्हा ही अट आम्हालाही लागू असावी.

माझ्या माहितीत या वर्षी आणखी तीन घरांत लादीचे काम निघाले आहे. सगळे पगारावर किंवा पेन्शनवर जगणारे आहेत. एका घराने तर हे शुल्क ऐकून काम पुढे ढकलले आणि खचलेल्या जागेवर चटई टाकून ठेवली आहे.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यायची असते. शुल्क रद्द करण्याचा आणि वॉटरप्रूफिंगच्या अटीचा विषय त्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. कामाची वेळ, डेब्रिजचा माणूस आणि अभियंत्यांचे मत या तीन गोष्टी समितीच्या येत्या बैठकीतच ठरू शकतात. आम्हाला गणपतीनंतर काम सुरू करून दिवाळीपूर्वी संपवायचे आहे, त्यामुळे या तीन मुद्द्यांवर गणपतीपूर्वी लेखी उत्तर मिळावे. डिपॉझिटचा चेक तयार आहे. उत्तर मिळाले की त्याच दिवशी कार्यालयात आणून देते. बैठकीला बोलावल्यास मी कोटेशन घेऊन येईन, कंत्राटदारालाही बरोबर आणेन.

आपली विश्वासू,
सभासद, फ्लॅट क्र. ४०३

सोबत: कंत्राटदाराचे कोटेशन आणि हॉलमधील खचलेल्या लादीचे दोन फोटो