स्कॅन झालं, पण गाव कुठलं?

महोदय,

मोडी कागदपत्रांच्या स्कॅनिंगविषयी आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. काम चांगलंच आहे. पण ज्याची नोकरी भूकरमापक म्हणून, म्हणजे जमिनी मोजत, बांधावर गेली, त्याला त्यात पहिली अडचण दिसते ती गावांची. पानाचा फोटो संगणकावर चढला म्हणून पानातलं गाव सापडत नाही.

वाठारच घ्या. कोरेगाव तालुक्यात वाठार स्टेशन आणि वाठार किरोली, फलटणला वाठार निंबाळकर, कराडजवळ हायवेला नुसतं वाठार, पुढे हातकणंगल्यात आणखी एक. निवृत्तीनंतर मी हौसेने मोडी वाचतो. ओळखीच्या एका मंडळाने पत्रांतली गावं सॉफ्टवेअरकडून नकाशावर लावून घेतली, तर पेशवाईतल्या पत्राची टाचणी थेट वाठार स्टेशनवर! बाजीरावाच्या काळात गाडी कुठली आली? पत्रात मात्र ‘मौजे वाठार, प्रांत कऱ्हाड’ असं स्वच्छ लिहिलेलं. मौजे म्हणजे गाव, आणि तर्फ, परगणा, प्रांत हे त्यावरचे मुलखाचे विभाग; हे शब्द शोभेचे नव्हेत. तो त्या काळचा पिनकोड होता, आणि नेमका तोच गाळला गेला.

जिल्ह्याचंही तसंच. १९४९ ते १९६० या काळात आजचा सांगली जिल्हा ‘दक्षिण सातारा’ होता. त्याआधीच्या कागदात तासगाव सातारा जिल्ह्यात सापडेल. त्यामुळे जिल्ह्याच्या नावापुढे साल हवंच.

म्हणून प्रत्येक नावाची रीतसर नोंद व्हावी. कागदातलं नाव जसंच्या तसं (कऱ्हाडचं ‘कराड’ करू नये), आजचं गाव-तालुका-जिल्हा, अक्षांश-रेखांश, आणि ओळख कशावरून पटवली, पक्की की अंदाजाने, हेही. आजच्या गावांना केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी या गावांच्या सरकारी यादीतला क्रमांक जोडता येईल. ‘कृष्णाकाठी मुक्काम’ एवढंच असेल तिथे मात्र उगाच टिंब देऊ नये; नदीचा पट्टा दाखवावा. खोटी अचूकता मोजणीत चालत नाही, इतिहासात का चालावी?

हे झालं तर फायदा मोठा आहे. आमच्या मिरजेचे इतिहासकार वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दप्तरातली, म्हणजे पेशव्यांच्या पटवर्धन सरदारांच्या कागदांतली, पत्रं छापून ठेवलीच आहेत. त्यांतले कर्नाटकातल्या स्वाऱ्यांचे मुक्काम तारीखवार नकाशावर आले, की फौज कुठून वळली, कुठे अडली, हे शाळकरी पोरालाही दिसेल. आणि ही आवड आपल्याला नवी नाही. महानुभाव पंथीयांनी चक्रधरस्वामींच्या वास्तव्याच्या जागा ‘स्थानपोथी’ या जुन्या ग्रंथात दिशांसकट नोंदवल्या आहेत.

अडेल ते कोयनेकाठी. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेली गावं आजच्या यादीत शोधून काय मिळणार? त्यांना वेगळा क्रमांक द्यावा लागेल. जुनं गावठाण, देऊळ, नदी पायी ओलांडायचा उतार कुठे होता हे सांगणारी माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. पुनर्वसित गावांत जाऊन त्यांच्याकडून या नोंदी आधी लिहून घ्याव्यात, स्कॅनिंग मागून झालं तरी चालेल.

– एक निवृत्त भूकरमापक, मिरज (जि. सांगली)