नाशिकमधल्या अंबडच्या फिटरकडून भद्रकालीच्या सुतारकाकांना

ती. सुतारकाका,
सप्रेम नमस्कार.

पत्र जाहीर लिहितोय, त्याला कारण आहे. दुकानात तोंडावर आभार मानले की तुम्ही "बरं बरं" म्हणत चहा सांगायला उठता आणि विषय तिथेच संपतो. शिवाय प्रदर्शनात आपण केलेल्या त्या दोन नकली पिस्तुलांसमोर उभे राहणारे लोक मला एकच विचारत होते : नळी लाकडात इतकी घट्ट कशी बसली, चिकटवलीय का? मी "नाही" म्हणायचो, पण उत्तर खरं तर तुमचं होतं. ते तुमच्या नावावर लिहून टाकतो. नाव तुम्हाला छापलेलं आवडत नाही, म्हणून नुसतं सुतारकाका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रदर्शन १८१८ सालावर होतं. त्या एप्रिलमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने त्र्यंबकचा किल्ला घेतला आणि लगेच पुढे मालेगावच्या किल्ल्याला वेढा पडला. त्यात मांडायला कंपनीच्या अधिकाऱ्याच्या कमरेला असायची तशी ठासणीची दोन पिस्तुलं हवी होती, चकमकीच्या घोड्याची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने बार उडवणारी. घोड्याच्या आघाताने पेटणारी दारू वापरून बार उडवण्याची युक्ती फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने १८०७ सालीच पेटंट केली होती, पण फौजांच्या हातात ती यायला पुढे बराच काळ गेला. म्हणून १८१८ म्हटलं की गारगोटीच. आता खरी ठासणीची पिस्तूल बनवायची तर १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो, तेव्हा आमची 'नळी' म्हणजे भरीव लोखंडी सळई. आत पोकळी नाही, रंजकाची (बाहेर पेटवायच्या दारूची) आग आत जायचं भोक नाही, मागे नुसतं शेपूट, म्हणजे लाकडात बसणारी लोखंडी पट्टी, ब्रेझ करून (पितळी डाकाने) जोडलेलं.

हे ऐकल्यावर तुम्ही सुटकेचा निःश्वास टाकाल आणि एखादं खेळणं उरकावं तसं काम उरकाल, असं मला वाटलं होतं. तुम्ही चष्मा पुसला आणि विचारलं, "समजा उडाली असती, तर धक्का कुठे गेला असता?" या एका प्रश्नाबद्दलच खरं तर हे पत्र आहे.

बार उडाला की नळी मागे येते. तिची मागची सपाट तोंडाची बाजू लाकडाला पुरती टेकलेली असेल, तर धक्का तिथल्या रुंद लाकडात जिरतो. ती टेकली नाही आणि शेपटाचं टोक मात्र खाचेच्या शेवटाला भिडलं, तर ते टोक पाचरीसारखं काम करतं आणि दस्ता (पिस्तुलाचं लाकडी अंग) नेमका मुठीजवळ, जिथे तो सगळ्यात बारीक असतो, तिथे उभा चिरतो. तुम्ही बंदूक कधी केली नव्हती. दाराच्या चौकटीत कुसू (खाचेत जाणारं लाकडाचं टोक) कुठे भिडवायचं आणि कुठे मोकळं ठेवायचं, एवढ्यावरून तुम्ही हे ओळखलंत. म्हणून आधी शेपूट आणि मागची बाजू बसवली, शेपटाच्या टोकाशी कागद जाईल एवढी फट राखली आणि मगच पुढच्या खोबणीला हात घातला. न उडणाऱ्या पिस्तुलात.

लाकूड निवडतानाही हेच. पाडलेल्या वाड्याच्या तुळईचं सागवान तुमच्याकडे होतं, वर्षानुवर्षं वाळलेलं. विलायतेत दस्त्याला अक्रोड वापरत. तो चिवट, आणि पटाशीखाली लोण्यासारखा नसला तरी ऐकणारा. सागात बारीक वाळूसारखी सिलिका असते, धार पटकन मरते. दर थोड्या वेळाने तुमचा हात निसण्याकडे जायचा. पण फळीवर आकृती आखायच्या आधी तुम्ही फळी फिरवत राहिलात, फिरवत राहिलात. मला घाई होती, हेही कबूल. लाकडाच्या रेषा मुठीच्या बाकाबरोबर वळल्या पाहिजेत, आडव्या गेल्या तर पिस्तूल हातातून पडताच मूठ मोडणार, हे तुम्ही मला बोटाने रेष दाखवत सांगितलंत.

खोबणीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण लोकांचं सगळं कुतूहल तिथेच असतं. आमची नळी अष्टकोनी होती, १० इंच लांब, मागे जाड आणि तोंडाकडे निमुळती. अशी नळी बरोबर अर्धी लाकडात जाते. उभ्या दोन बाजूंच्या मध्यापर्यंत लाकूड, वरचा भाग उघडा. खोबणीच्या भिंती सरळ किंवा केसभर बाहेर कललेल्या हव्यात. आत कलल्या तर नळी बाहेर काढताना कडांच्या ढलप्या उडतात. तुम्ही मध्यरेषा आखून तिच्यावरूनच सगळी मापं काढलीत, फळीच्या कडेवरून एकही नाही. रेषेच्या आतच राहून खोदलंत. आणि मग काजळी.

हा भाग मला ओळखीचा वाटला. टूलरूममध्ये आम्ही दोन पृष्ठभाग जुळवताना निळा रंग लावतो आणि उंच ठिपके स्क्रेपरने उतरवतो. तुम्ही दिव्याची काजळी खोबरेल तेलात कालवलीत. नळीच्या तळाला बोटाने जेमतेम ओढलीत, नळी खोबणीत ठेवून मोगरीने हलकी टकटक केलीत आणि सरळ वर उचललीत. जिथे काळं तिथेच पटाशी. पण दोन गोष्टी आमच्या पुस्तकात नव्हत्या. एक, भिंतींवरच्या काळ्यावर भरवसा ठेवायचा नाही, कारण नळी आत-बाहेर करताना ती बाजूंना घासत जाते आणि ते काळं लागण्याचं नसून घासण्याचं असतं. तळाचं काळं तेवढं खरं. दोन, काजळी जाड झाली की सगळीकडेच उमटते आणि आपण जिथे नको तिथे कापत बसतो.

खोबणी मशिनवर मारून आणू का, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, आण, पण शेवटचं तांदूळभर लाकूड माझ्यासाठी ठेव. गोल नळीसाठी तरी गोल तोंडाच्या कटरने मशिनचं काम चांगलंच होईल, हे माझं मत अजून कायम आहे. निमुळत्या अष्टकोनाला मात्र तुमचा हातच खरा, हे मान्य.

एके ठिकाणी तळाला बारीक फट दिसत होती. मी भुसा आणि फेविकॉल म्हणालो. तुम्ही काही बोलला नाहीत, बाकीच्या तळातून तेवढंच लाकूड उतरवलंत आणि नळी खाली बसली. वरच्या कडा मग नव्याने साफ कराव्या लागल्या, दुपार गेली. मी आठवण करून दिली की आत काय आहे ते कुणालाही दिसणार नाही. तुम्ही म्हणालात, "काढून बघणारा एखादा असतोच." प्रदर्शनात खरंच एकाने काढून दाखवायला सांगितलं. काढली, दाखवली.

पावसाळ्याचाही विचार तुमचाच. खोबणीच्या आतूनही जवसाचं तेल पाजलंत, नाहीतर बाहेरून पॉलिश आणि आतून कोरडं लाकूड नाशकाच्या श्रावणात फुगून नळी आवळून धरतं आणि खालून लोखंड गंजतं. नळीखालच्या कड्यातून आडवी पिन जाते, त्या कड्याचं भोक लांबट कर, म्हणजे लाकडाने जागा बदलली तरी पिन अडणार नाही, हे तुम्ही सांगितलंत. कानशीने ते मी केलं. या सगळ्यात माझ्या वाट्याला आलेलं हे एक बरं काम. मुठीची पितळी टोपी तांबट आळीतून झाली, तिचं कौतुक वेगळं करीन.

पैशांचं तुम्ही ऐकलं नाहीत. लाकडाचे घेतलेत, हाताचे नाहीत. म्हणून एचएसएसच्या (हाय स्पीड स्टीलच्या) जुन्या कटरमधून घासून एक अरुंद पटाशी केली आहे, शेपटाच्या खाचेत जाईल एवढी. सागावरही धार टिकावी. दांडा बसवलेला नाही, तो तुमच्या हाताच्या मापाने तुम्हीच बसवा.

दिवाळीनंतर दुसरी जोडी करायची आहे, या वेळी गोल नळीची. काश्मिरी अक्रोडाचा एक ठोकळा मिळतोय, पण त्याच्या एका टोकाला गाठ आहे. ती मुठीकडे येऊ द्यावी की नळीच्या तोंडाकडे, एवढं नातवाकरवी फोनवर कळवा. तोवर घेत नाही.

तुमचा,
अंबडचा फिटर